झेब्र्याच्या पट्ट्यांचं विमान

जुलै-ऑगस्ट आला की तुमच्याही फीडवर ते रील येतंच. मारा नदीचा उंच काठ, खाली गढूळ पाणी, पाण्यात मगरी आणि काठावरून धडाधड उड्या टाकणारी हजारो काळपट जनावरं. विल्डबीस्ट. तोंड बैलाचं, शेपूट घोड्याची, दाढी बोकडाची, असा एकूण जुगाड प्राणी. आमच्या सोसायटीतले एक काका-काकू मागच्या वर्षी केनिया-टांझानियाची टूर करून आले. पुढचे दोन आठवडे ग्रुपवर फक्त सिंह, सिंह आणि लॉजवरचा ब्रेकफास्ट. मग एका रविवारी त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना टीव्हीवर फोटो दाखवायला बोलावलं. मी गेले, कारण काकूंनी थालीपीठ केलं होतं.

त्या शेकडो फोटोंमध्ये एक वेगळाच होता. धुकं, उंचावरची जागा आणि दगड रचून केलेला एक छोटासा पिरॅमिड. त्यावर पाटी. ड्रायव्हरने दहा मिनिटं गाडी थांबवली म्हणून काढला, एवढंच काकांना आठवत होतं. मी फोटो झूम करून नाव वाचलं. मायकेल ग्झिमेक. (जर्मन स्पेलिंगमध्ये मध्येच एक ‘र’ बसलाय, तो गिळायचा.) जन्म 12 एप्रिल 1934, मृत्यू 10 जानेवारी 1959. वजाबाकी तुम्हीही करा. पंचविसावा वाढदिवस तीन महिन्यांवर आला होता.

चोवीस वर्षांच्या पोराचं थडगं टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराच्या काठावर कसं आलं, हे शोधायला मी त्या रात्री बसले आणि दोन आठवडे तिथेच अडकले. आता तुम्हीही थोडा वेळ अडका.

मायकेलचा जन्म बर्लिनचा. वडील बर्नहार्ड हे जनावरांचे डॉक्टर. घरात पाळीव कुत्रा-मांजर असतं तसं यांच्याकडे कधी लांडगे, तर कधी माकडांची पिल्लं. महायुद्ध संपलं तेव्हा मायकेल अकरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षी, 1945 मध्ये, बर्नहार्ड फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक झाले. संचालक म्हणजे काय, तर बॉम्बहल्ल्यांनी भुईसपाट झालेल्या आवाराचे आणि वाचलेल्या मूठभर प्राण्यांचे मालक. ते कायमचं बंद करून टाकावं असं गावातल्या लोकांचं मत होतं. बर्नहार्ड गप्प बसणारे नव्हते. त्यांनी तिथे जत्रा भरवल्या, सर्कशी आणल्या, तमाशे केले म्हणा हवं तर, पण गेट उघडं ठेवलं. बाकीच्या मुलांना अंगण असतं, तसं मायकेलला हे प्राणिसंग्रहालय होतं.

त्याने कॅमेरा फार लवकर हातात घेतला. विशीच्या आतच तो वडिलांबरोबर आफ्रिकेला जाऊ लागला. बेल्जियन काँगोच्या जंगलात ओकापी आणायला गेलेल्या बापाच्या मोहिमेत तो होता. ओकापी म्हणजे जिराफाचा आखूड मानेचा, पट्टेरी पायांचा नातलग. एका प्रवासावरून बापाने पुस्तक लिहिलं, 1954 मध्ये. ‘वन्य प्राण्यांना जागा नाही’ असा त्याच्या नावाचा अर्थ. पुस्तक चाललं. मायकेलचं म्हणणं पडलं की पुस्तक ठीक आहे, पण यावर सिनेमा करू. बाप व्यवहारी, प्राण्यांच्या सिनेमात पैसे बुडतात हे त्याला माहीत होतं. पण पोरगा हटून बसला.

सिनेमा 1956 मध्ये आला. त्या काळी आफ्रिकेवरच्या सिनेमात काय असायचं? गोरा शिकारी, चाल करून येणारा हत्ती, बंदूक, आणि शेवटी जनावराच्या अंगावर पाय ठेवून फोटो. यात तसलं काहीच नव्हतं. माणसं वाढतायत, जंगल आटतंय, एवढीच गोष्ट, शांतपणे सांगितलेली. आणि तो तुफान चालला. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं, वेगवेगळ्या देशांत तो लागला. मायकेल तेव्हा बावीस वर्षांचा. म्हणजे आत्ता मी आहे तेवढा. मी या आठवड्यात एका पुरवणीच्या कोपऱ्यातली दोनशे शब्दांची बातमी तीनदा लिहून दिली, हे इथे सांगायलाच हवं असं नाही, पण सांगितलं.

पैसा आला. आता विचार करा, बावीस-तेवीसच्या वयात तुमच्या हातात सिनेमाचा पैसा आहे. काय कराल? या बाप-लेकांनी ठरवलं की त्यातून सेरेनगेटीला जमीन विकत घेऊन द्यायची.

सेरेनगेटी हे नाव मसाई भाषेतलं. जमीन संपतच नाही असा पसारा, असा काहीसा त्याचा अर्थ. आज तिथलं राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं आहे. तेव्हा टांझानिया नव्हता, टांगानिका होता आणि त्याचा कारभार ब्रिटिश बघत होते. सेरेनगेटीला 1951 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण भांडण सुटलेलं नव्हतं. उद्यानाच्या हद्दीत मसाई लोक त्यांच्या गुरांसकट राहत होते. गुरांना चारा-पाणी हवं, वन्य प्राण्यांनाही तेच हवं. 1956 मध्ये सरकारने तोडगा काढला तो असा, की उद्यान कापायचं. एक तुकडा प्राण्यांना, एक तुकडा मसाईंना. यावरून लंडनपासून नैरोबीपर्यंत आरडाओरड झाली, 1957 मध्ये चौकशी समिती नेमली गेली आणि नकाशावर नवी रेघ कुठे मारायची याची चर्चा सुरू झाली.

टांगानिकाच्या राष्ट्रीय उद्यानांचे प्रमुख होते पीटर मॉलॉय. जमिनीसाठी पैसे द्यायला आलेल्या या दोघांना त्यांनी वेगळंच काम सुचवलं. जमीन राहू द्या. इथे एकूण प्राणी किती आहेत आणि वर्षभर ते कुठून कुठे जातात हे कुणालाच माहीत नाही, ते शोधून द्या. म्हणजे बघा, सगळे ज्या रेघेवरून भांडत होते, ती कुठे मारावी याला अंदाजापलीकडे आधारच नव्हता. कुणी म्हणे दहा लाख जनावरं आहेत, कुणी म्हणे जास्त. कळप पावसाळ्यात अमुक दिशेला जातात असं जुने रखवालदार सांगत. पण उन्हाळ्यात मैदानावरून दोन-तीन लाख जनावरं एका आठवड्यात नाहीशी होतात, ती जातात कुठे, हे कागदावर कुणीच मांडलेलं नव्हतं.

जमिनीवरून हे मोजणं अशक्य होतं. रस्ते नाहीत, पावसात जीप रुतणार, आणि तुम्ही एका टोकाला मोजेपर्यंत दुसऱ्या टोकाचे प्राणी तिसरीकडे गेलेले असणार. म्हणून विमान. दोघांनाही विमान चालवता येत नव्हतं. मग शिकले. बाप तेव्हा अठ्ठेचाळीसचा होता, तोही पोराच्या बरोबरीने शिकला. विमान घेतलं डॉर्नियर डीओ-27: एका इंजिनाचं, छोटं, थोडक्या जागेत उतरणारं आणि अगदी सावकाश उडू शकणारं. त्यावर नाकापासून शेपटीपर्यंत झेब्र्याचे काळे-पांढरे पट्टे रंगवले. नोंदणीची अक्षरं मिळाली डी-ईएनटीई. जर्मनमध्ये ‘एन्टं’ म्हणजे बदक. झेब्र्याच्या कातड्यातलं बदक, असलं हे वाहन घेऊन 1957 च्या डिसेंबरमध्ये बाप-लेक जर्मनीहून निघाले आणि हजारो किलोमीटर स्वतः उडवत सेरेनगेटीत जाऊन उतरले. आजच्या भाषेत ब्रँडिंग म्हणाल, आणि ते होतंच. या दोघांना प्रसिद्धीचं वावडं कधीच नव्हतं. त्या पट्ट्यांचा फोटो आजही सगळ्यांना आठवतो, मोजणीचे तक्ते कुणाला आठवत नाहीत.

पण मला त्या तक्त्यांमध्येच रस आहे.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजतात, तुमच्यातल्या काहींनी ते केलंही असेल. रात्रभर जागायचं, चांदण्यात हललं की नोंद करायची. तिथे प्राणी तुमच्याकडे येतो. इथे उलट होतं. मैदानाचे पट्टे पाडायचे, विमान ठरावीक उंचीवर सरळ रेषेत न्यायचं, प्रत्येकाने आपापल्या खिडकीखालचा पट्टा मोजायचा, टोकाला वळायचं, पुढचा पट्टा. खाली वीस झेब्रे दिसले तर मोजता येतात. खाली पाच हजार विल्डबीस्ट पांगलेले असतील तर? आधी दहाचा घोळका कसा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं, मग शंभराचा, आणि मग कळपावर ते शंभराचं माप टाकत जायचं. धान्याच्या ढिगावर पायली टाकतात तसं. तेही विमान पुढे सरकत असताना, पुन्हा बघायची सोय नाही.

आकडे आले. विल्डबीस्ट सुमारे 99 हजार. झेब्रे सुमारे 57 हजार. गॅझेल हरणं दोन लाखांच्या जरा आत. सगळे मोठे प्राणी धरून साधारण 3 लाख 67 हजार. लोक ज्या दहा लाखांच्या गप्पा मारत होते त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत.

मोजणी हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा, कळप जातात कुठे. त्यासाठी काही प्राणी पकडून त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे बांधले, म्हणजे आकाशातून ओळखता येतील. झेब्रा पकडायचा कसा? गाडी त्याच्या बरोबरीने पळवायची आणि शेपूट धरायची. सिनेमात हा प्रसंग आहे. बघताना हसू येतं, आणि मग लक्षात येतं की गाडीतल्या माणसाचा हात जागेवर राहील याची काही गॅरंटी नव्हती. कुठे कोणतं गवत उगवतं, प्राणी त्यातलं कोणतं खातात, याचेही नमुने त्यांनी गोळा केले. बानगी नावाच्या ठिकाणी त्यांचा तळ होता. तिथून उडायचं, कळप शोधायचे, नकाशावर टाचणी टोचायची, काही दिवसांनी परत.

टाचण्या टोचत गेल्यावर जे दिसलं ते असं. पावसाच्या महिन्यांत कळप पूर्वेकडच्या, आखूड गवताच्या मैदानावर जमतात. ती जमीन जुन्या ज्वालामुखींच्या राखेची. गवत बोटभर, पण कसदार. विल्डबीस्टच्या माद्या तिथेच वितात. पाऊस संपला की तिथे टिपूस पाणी राहत नाही, मग सगळा लोंढा पश्चिमेला आणि उत्तरेला नदी-झाडांच्या भागाकडे सरकतो, आणि पुढच्या पावसाला परत पूर्वेला. आता सरकारचा नकाशा शेजारी ठेवा. उद्यानातून काढून टाकायचा ठरलेला तुकडा कोणता? पूर्वेचाच. म्हणजे नव्या हद्दीप्रमाणे लाखो प्राणी वर्षातले कित्येक महिने उद्यानाबाहेर असणार होते.

मायकेलचं आणि त्याच्या बापाचं म्हणणं साधं होतं. पूर्वेचा भाग कापलात तर कळप संपतील. सिनेमाचं आणि पुस्तकाचं नावच त्यांनी ठेवलं, ‘सेरेनगेटी मरता कामा नये’. मायकेल चित्रीकरणात गळ्यापर्यंत बुडाला होता. त्याच्यासोबत कॅमेऱ्यावर ॲलन रूट नावाचा केनियात वाढलेला एक मुलगा होता, वय एकवीस. पुढे हाच रूट वन्यजीवपटांमधलं फार मोठं नाव झाला. एका तळावर चोविशीचा दिग्दर्शक आणि एकविशीचा कॅमेरामन. आपल्या कॉलेजच्या शॉर्टफिल्म ग्रुपसारखाच प्रकार, फक्त सेटवर सिंह.

10 जानेवारी 1959. मायकेल एकटाच विमानात होता. न्गोरोंगोरोच्या पलीकडे सालेई नावाचं मैदान आहे, त्यावरून तो उडत होता. एक गिधाड विमानाच्या उजव्या पंखावर आदळलं. आपल्याला गिधाड म्हणजे आकाशातला एक ठिपका वाटतो. प्रत्यक्षात ते सात-आठ किलोचं धूड असतं, आणि विमानाचा वेग धरला तर तो दगडच. धडकेने पंख चेपला, सुकाणूच्या तारा अडकल्या, विमान सरळ खाली गेलं. घरी त्याची बायको होती, लहान मुलगा होता.

त्याला न्गोरोंगोरोच्या काठावर पुरलं. खाली सहाशे मीटर खोल विवर, त्यात अडीचशेहून जास्त चौरस किलोमीटरचं मैदान, तळं, गेंडे, हत्ती. दगडांचा पिरॅमिड तोच, काकांच्या फोटोतला.

बापाने काय केलं? काम पुरं केलं. राहिलेला सिनेमा, राहिलेलं पुस्तक, दोन्ही 1959 मध्येच लोकांसमोर आलं. 1960 च्या एप्रिलमध्ये सिनेमाला सर्वोत्तम माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. महायुद्धानंतर ऑस्कर मिळवणारा तो पहिला जर्मन सिनेमा.

इथे थांबलं तर गोष्ट फार सुंदर होते. शूर पोरगा, मोडलेलं विमान, ऑस्कर. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ती इथेच संपते. मीही पहिला ड्राफ्ट इथेच संपवला होता. मग आमच्या डेस्कवरच्या मॅडमनी समासात एक प्रश्नचिन्ह काढून तो परत दिला. पूर्वेचा तुकडा शेवटी कापला की नाही?

कापला. मायकेल गेला त्याच वर्षी, 1959 मध्ये, उद्यानाचे दोन भाग झाले. सेरेनगेटीतून मसाईंना हलवलं गेलं. त्याआधी 1958 च्या एप्रिलमध्ये बारा मसाई वडीलधाऱ्यांचे अंगठे-सह्या एका करारावर घेतल्या होत्या. त्या बारा जणांनी सगळ्यांच्या वतीने बोलावं असं कुणी ठरवलं होतं, कागदावरचं त्यांना किती उमगलं होतं, यावर अजून वाद आहे. त्यांना पूर्वेचा भाग आणि न्गोरोंगोरो मिळालं, आणि हे क्षेत्र वेगळ्या नियमाखाली आलं. माणसं, गुरं आणि वन्य प्राणी तिघांनी एकत्र राहायचं. बदल्यात सेरेनगेटी उद्यानाला उत्तरेला केनियाच्या सीमेपर्यंत जमीन जोडून मिळाली. तुमच्या रीलमधली नदी त्याच बाजूला.

बर्नहार्ड ग्झिमेक यांना हे अजिबात मान्य नव्हतं. राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, अगदी तिथला मूळचा माणूससुद्धा नको, अशी त्यांची उघड भूमिका होती. मायकेल त्याच विचारात वाढला. त्यांच्या सिनेमात मसाई दिसतात, देखणे दिसतात, पण गोष्टीत ते अडचण म्हणून येतात. आकाशातून मोजणी करताना त्यांच्या वस्त्या आणि गुरं खाली दिसतच असणार. पण कोणत्या कुटुंबाने कोणत्या महिन्यात गुरं कुठे नेली, कुठलं पाणी कधी सोडलं, याच्या टाचण्या नकाशावर टोचलेल्या नाहीत. विल्डबीस्टच्या आहेत.

आणि गंमत बघा. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही. पूर्वेचं मैदान उद्यानाबाहेर गेलं, तरी कळप संपले नाहीत. वाढले. 1961 च्या मोजणीत विल्डबीस्ट दोन लाखांच्या पुढे होते, म्हणजे मायकेलची मोजणी मुळात कमी आली होती असं पुढच्या शास्त्रज्ञांचं मत पडलं. 1977 पर्यंत हा आकडा तेरा लाखांच्या घरात गेला. काय झालं मधल्या काळात?

उत्तर तुमच्या आजोबांना विचारा, गावाकडचे असतील तर त्यांना शब्द माहीत असेल. बुळकांडी. गुरांचा तो रोग, ज्यात जनावराला हगवण लागते आणि गोठेच्या गोठे रिकामे होतात. आफ्रिकेत तो 1880 च्या दशकाच्या शेवटी पोचला, इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर, आणि ती गुरं भारतातून आली होती असं मानलं जातं. मसाईंची बहुतेक सगळी गुरं काही वर्षांत मेली, मागोमाग दुष्काळ, देवी, उपासमार. युरोपियन लोक नंतर तिथे आले आणि त्यांना जे विस्तीर्ण, मोकळं, माणसाविना जंगल दिसलं, त्यातला काही मोकळेपणा या रोगाने केलेला होता.

हा रोग विल्डबीस्टनाही होतो. वासरं वर्षाची व्हायच्या आत मरायची. मायकेल वरून मोजत होता ते असे रोगाने दाबून ठेवलेले कळप होते. मग पन्नास-साठच्या दशकात जनावरांच्या डॉक्टरांनी आजूबाजूच्या गुरांना लसी टोचल्या. विल्डबीस्टना नाही, गुरांना. त्यात मसाईंची गुरंही आली. गुरांतला रोग आटला तसा रानातलाही आटला, 1963 च्या सुमारास विल्डबीस्टमधून तो गेलाच, आणि वासरं जगायला लागली. ज्या गुरांना ग्झिमेक कळपांचे शत्रू समजत होते, त्यांच्या मानेत टोचलेल्या सुईने कळप कित्येक पटींनी वाढवले. बर्नहार्ड स्वतः जनावरांचे डॉक्टर होते, हे मला सारखं आठवत राहतं. (2011 मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.)

पूर्वेच्या मैदानावर विल्डबीस्ट अजूनही दर फेब्रुवारीला वितात. न्डुटू तळ्याच्या आसपास त्या दिवसांत लॉज आणि तंबू महिनोन्महिने आधी बुक असतात. आणि मसाई तेव्हा काय करतात? गुरं लांब नेतात. विल्डबीस्टच्या नवजात वासरांमुळे गुरांना एक जीवघेणा ताप येतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. स्वतःचं उत्तम गवत ते त्या दोन-तीन महिन्यांसाठी सोडून देतात. कुणी नकाशा काढून सांगण्याच्या फार आधीपासून.

मग मायकेलचं काम चुकलं का? नाही हो. कळप पूर्वेला जातात, ती जमीन गेली तर सगळं जाईल, हे त्याने दाखवलं ते खरंच होतं, आणि विमानातून मोजायची रीत तिथे त्याच्यानंतर कायम झाली. 1962 मध्ये त्याच्या नावाची प्रयोगशाळा बानगीत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे सेरेनगेटीची संशोधन संस्था झाली आणि बुळकांडीचा सगळा हिशोब ज्यांनी लावला ते लोक तिथेच काम करत होते. चुकलं ते एवढंच, की जमीन वाचवायची म्हणजे त्यावरची माणसं काढायची, हे दोघांनी तपासून न बघता धरलं. वडिलांना तपासायला अजून अठ्ठावीस वर्षं मिळाली. त्यांनी मत फारसं बदललं नाही. मायकेलने बदललं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला. चोविसाव्या वर्षी माझी किती मतं कायम राहिलेली असतील?

बर्नहार्ड यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्यामुळे काका-काकू तिथे पोचले असं म्हणता येईल. जर्मन टीव्हीवर त्यांचा प्राण्यांवरचा कार्यक्रम प्रचंड गाजत होता. ते शेजारी टेबलावर चित्ता वगैरे बसवून बोलायचे. एकदा त्यांनी सहज सुरात सांगून टाकलं की आता पूर्व आफ्रिकेची सफर परवडणाऱ्या दरात पॅकेजमध्ये मिळते. तेव्हा असं पॅकेज कुठेच नव्हतं. चक्क थाप. दुसऱ्या दिवसापासून लोक ट्रॅव्हल एजंटांकडे विचारायला लागले, आणि मागणी बघून एजंटांनी पॅकेज काढलं. त्यांचं गणित होतं की स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला सिंहांपासून पैसा मिळाला तरच सिंह राहतील. टांगानिका 1961 मध्ये स्वतंत्र झाला. शिकारीची सफारी श्रीमंतांची होती, कॅमेऱ्याची सफारी बँकेतून रजा काढून जाणाऱ्यांची झाली. खडकांच्या टेकाडांना धरून लॉज उभे राहिले, विमानतळ झाले, आणि आज त्या देशाच्या परकीय चलनाचा मोठा हिस्सा पर्यटनातून येतो.

त्या पैशाची दुसरी बाजूही आहे. 1974 मध्ये न्गोरोंगोरो विवराच्या तळातल्या मसाईंना बाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्या क्षेत्रात शेती करायला बंदी आली. 2022 पासून सरकार तिथल्या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा नावाच्या गावी हलवतंय. सरकार म्हणतं स्वखुशीने, अनेक मसाई म्हणतात शाळा-दवाखान्यांचे पैसे तोडून. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत 1,500 चौरस किलोमीटरची हद्द आखताना पोलीस आणि मसाई समोरासमोर आले. सेरेनगेटी सोडताना ज्यांच्या आजोबांना न्गोरोंगोरो तुमचंच, असं सांगितलं होतं, तीच ही माणसं. ताडोबा किंवा मेळघाटातून उठवलेल्या गावातलं कुणी तुमच्या वर्गात असेल तर त्याच्याशी बोलून बघा, त्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

बर्नहार्ड ग्झिमेक 13 मार्च 1987 ला फ्रँकफर्टमध्ये गेले, सर्कशीत मुलांबरोबर वाघांचा खेळ बघताना. त्यांची रक्षा टांझानियात नेऊन मायकेलशेजारी पुरली. एकाच पिरॅमिडखाली दोघं आहेत. काकांच्या फोटोत दुसरं नाव धुक्यात गेलं होतं, म्हणून मला आधी दिसलं नाही.

विल्डबीस्टची मोजणी अजून चालू आहे. इतकी वर्षं विमानातून काढलेल्या फोटोंवरून तेरा लाखांच्या आसपासचा आकडा सगळे धरून चालले होते. अलीकडे काही संशोधकांनी उपग्रहाची चित्रं घेतली, संगणकाला विल्डबीस्ट ओळखायला शिकवलं आणि 2022 व 2023 चे कळप मोजायला लावले. उत्तर आलं सहा लाखांच्याही आत. झाडाखाली उभे असलेले सुटले असतील, काही कळप चित्राच्या चौकटीबाहेर असतील, की आधीचेच आकडे फुगलेले होते, यावर आता शास्त्रज्ञांची जुंपली आहे.